गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं, बाळालाही होणारच का? कोल्हापुरात कुठे जायचं?

होणारच असं नाही. उपचार न घेतल्यास शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. गोळ्या नेमाने घेतल्या तर हे प्रमाण ५ च्याही खाली येतं.

सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरचे उपचार मिळतात तिथे) लगेच नाव नोंदवा, सातव्या महिन्याची वाट बघू नका. औषधं मोफत आहेत. सहसा टीएलडी ही रोज एकच गोळी असते, ती आयुष्यभर. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी तिच्यासोबत घेतली तर टीएलडीतलं डोलुटेग्रेविर हे औषध नीट शोषलं जात नाही. एकत्र घ्यायचीच तर जेवणासोबत. हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही.

बाळंतपण दवाखान्यातच, आणि तिथे रिपोर्ट लपवू नका. बाळाला जन्मल्यावर लगेच नेविरापिनचं औषध सुरू होतं, साधारण ६ आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी. पक्कं निदान १८ महिन्यांनी.

खरी गडबड घरात होते. पहिले सहा महिने अंगावर पाजणार असाल तर फक्त अंगावरचंच. आजी प्रेमाने गुटी, मध, वरचं दूध चाटवते. त्याने कोवळ्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो.

नवऱ्याचीही तपासणी हवीच. शंका असल्यास १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.