एच-४ व्हिसावर कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात शिकता येतं का, आणि फी निवासी दराने लागते का?

हो, एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा व्हिसा) शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नाही. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात राहून तुम्हाला पूर्ण एक वर्ष झालेलं असलं आणि इथेच कायम राहण्याचा इरादा कागदांवरून दिसत असला, तर फी निवासी दराने, म्हणजे दर युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजायचं एकक) ४६ डॉलर लागते. अनिवासी दर याच्या कित्येक पट असतो. निवास ठरवण्याचं काम कॉलेजचं ॲडमिशन्स ऑफिस करतं.

बहुतेकांचं अडतं ते इथे: भाडेकरार, बँक खातं, विजेचं बिल सगळं नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एकट्याच्या नावावर. वर्षभर राहूनही स्वतःच्या नावाचा कागद नसला की अर्ज अनिवासी म्हणून अडकतो. म्हणून आल्या आल्याच राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, खातं संयुक्त करा, भाडेकरारात नाव घालून घ्या आणि राज्याच्या कर विवरणपत्राची प्रत जपून ठेवा.

वर्ष भरेपर्यंत थांबू नका. इंग्रजी पक्कं करायचं असेल तर नॉन-क्रेडिट (पदवीसाठी न मोजल्या जाणाऱ्या) ईएसएल, म्हणजे परभाषकांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गांना शिकवणी फी नाही. क्रेडिट वर्गात नाव लागलं, तर पहिल्या तासाला हजर राहाच. गैरहजर विद्यार्थ्याची जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला जाऊ शकते. अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असेल तर डीएसपीएस या अपंग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कॉलेजच्या कार्यालयात सत्राआधीच नोंद करा.

एक लक्षात घ्या: आधी एफ-१ किंवा बी (पर्यटक) व्हिसावर काढलेला काळ या एका वर्षात धरत नाहीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदतही एच-४ वर मिळत नाही.