उंदराच्या हृदयाचे टीटीसी काप: सुरुवातीला एवढं सांभाळा

उंदराच्या हृदयाची रक्तवाहिनी दोऱ्याने काही वेळ बांधून मग सोडली, की स्नायूचा किती भाग मेला हे मोजायचं असतं. त्यासाठी एमआरआय, फ्लुरोसन्स हे सगळं नंतर. आधी टीटीसीने (ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड, पेशी रंगवणारं रसायन) रंगवलेले हृदयाचे स्वच्छ काप जमवा. जिवंत पेशींतली डिहायड्रोजिनेज एन्झाइमं टीटीसीला विटकरी लाल करतात. मेलेला भाग फिकट पांढरा राहतो.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते वेळेत. गाठ सोडून रक्त पुन्हा सुरू झाल्यावर निदान २ तास जाऊ द्या, २४ तास उत्तम. घाई केली तर मेलेल्या पेशींतली एन्झाइमं वाहून गेलेली नसतात, तिथेही लाली चढते आणि इजा कमी दिसते.

- दोरा काढू नका, सैल ठेवा. शेवटी तीच गाठ आवळून इव्हान्स ब्लू हा निळा रंग रक्तवाहिन्यांत सोडा. निळा न झालेला, म्हणजे गाठीने रक्त तुटलेला भाग तो धोक्यातला.
- हृदय जरा गोठवून १ मिमीचे सारखे काप करा.
- १ टक्का ताजं टीटीसी, पीएच ७.४, ३७ अंश, साधारण १५ मिनिटं. उजेड टाळा, काप मध्येच उलटा.
- फॉर्मालिन (ऊती टिकवणारं द्रावण) नंतरच! आधी घातलं तर एन्झाइमं निकामी होतात, सगळंच पांढरं.

कापांचं वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मृत भागाची टक्केवारी धोक्यातल्या भागावर काढा. कारण गाठ प्रत्येक उंदरात थोडी वर-खाली बसतेच, त्यामुळे धोक्यातला भागही कमी-जास्त होतो.