जुन्या मर्सिडीज ई २२० चं सस्पेन्शन बदलायचं आहे, कॉइलओव्हर टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांची १९९६ ची ई २२० तुमच्याकडे आली आहे. खड्ड्यात पुढून खाडखाड वाजते, मागून बसल्यासारखी दिसते आणि ऐंशीच्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. मित्र म्हणतात, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला जोड) टाक, १७ इंची अलॉय टाक, गाडी दोन इंच खाली घे, सगळं एका फटक्यात सुटेल. माझ्याकडेही हीच गाडी, म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४, आहे, नाशिकमध्येच चालवतो आणि तिच्या खालचं बहुतेक सगळं उघडून पाहिलेलं आहे. म्हणून आधीच सांगतो: कॉइलओव्हर टाकू नका, आणि गाडी खाली घेण्याचा विषय सस्पेन्शनच्या सांध्यांतलं सगळं रबर बदलून होईपर्यंत काढूच नका.

कॉइलओव्हर का नको, ते आधी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकअपच्या भोवती असते आणि गाडीचं वजन वरच्या माउंटिंगवर येतं. डब्ल्यू १२४ मध्ये तसं नाही. हिची पुढची स्प्रिंग वेगळी बसते, खालच्या आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) तिचं एक टोक आणि बॉडीत स्वतःच्या खोबणीत दुसरं. शॉकअप बाजूला उभा असतो. त्याच्या वरच्या माउंटिंगचं काम चाकाला धरून ठेवणं आणि धक्का जिरवणं, गाडी तोलून धरणं नव्हे. खरा कॉइलओव्हर बसवला की पुढचं सगळं वजन त्या माउंटिंगवर आणि त्याभोवतीच्या पत्र्यावर येतं. ती जागा त्या कामासाठी बनवलेलीच नाही. त्यात पत्रा तीस वर्षांचा आणि रस्ते आपले. मी माझ्या गाडीच्या बाबतीत हा धोका कधीच घेणार नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते आणि ती जिवावरची आहे. स्प्रिंग वेगळी असल्यामुळे तिला जागेवर दाबून ठेवण्यात शॉकअपचाही हात असतो. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, खालच्या आर्मला आधार नाही आणि कोणी शॉकअपचा वरचा नट सोडला, तर आर्म खाली जातो आणि दाबलेली स्प्रिंग सुटून बाहेर येऊ शकते. ज्याने आयुष्यभर स्विफ्ट आणि इंडिका केल्या त्या फिटरला हे माहीत असेलच असं नाही. कितीही चांगला हात असला तरी काम सुरू होण्याआधी त्याला विचारा: आर्मखाली दुसरा जॅक लावणार का, आणि स्प्रिंग काढायला आतून घालायचा कॉम्प्रेसर आहे का? बाहेरून आकडे अडकवायचा साधा कॉम्प्रेसर इथे नीट बसत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी परत आणा.

आता तुमच्या तक्रारींकडे. तिन्हींचं मूळ बहुधा रबरात आहे. रबर किलोमीटरने मरत नाही, वयाने मरतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गाडीखालचा डांबरी रस्ता जेवढा तापतो तेवढ्यात ते कडक होतं, तडकतं आणि आतल्या लोखंडी नळीपासून सुटतं. काकांनी गाडी कमी चालवली असली तरी तिचे बुश (सांध्यांतली ही रबरं) १९९६ चेच असतील. ब्रेक मारल्यावरच्या थरथरीसाठी सगळे आधी डिस्क बदलतात. तसं करू नका. पुढच्या खालच्या आर्मचे दोन्ही बुश, स्टिअरिंगचा मधला रॉड, त्याचे टोकाचे जॉइंट, आयडलर आर्मचे (मधल्या रॉडचं दुसरं टोक धरणाऱ्या आर्मचे) बुश आणि स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के जिरवणारा छोटा शॉकअप) आधी बघा. या गाडीला आजच्या गाड्यांसारखा स्टिअरिंग रॅक नाही, जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे, म्हणून सांधे जास्त आणि प्रत्येक सांध्याची थोडीथोडी ढिलाई स्टिअरिंगवर येऊन जमा होते. आयडलर आर्मचे बुश अगदी स्वस्त असतात आणि नेमके तेच राहून जातात.

मागचं सस्पेन्शन हा या गाडीचा जीव आहे. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० या छोट्या गाडीत पहिल्यांदा प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळे आर्म दिले आणि तीच रचना पुढे डब्ल्यू १२४ मध्ये आली. पाचही आर्म रबराच्या बुशांवर झुलतात आणि त्या रबराला ठरलेल्या दिशेने थोडं दबायचं असतं. वळणावर आणि ब्रेकखाली चाक सरळ राहतं ते त्यामुळेच. म्हणून अंबड एमआयडीसीत लेथवर नायलॉनचे बुश खरादून घेण्याचा किंवा सगळीकडे पॉलियुरेथेन ठोकण्याचा सल्ला मला पटत नाही. अंबड-सातपूरच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही, सांगाल त्या मापाचा बुश ते संध्याकाळपर्यंत देतील. पण माप बरोबर असून भागत नाही, लवचीकपणा बरोबर लागतो. नायलॉन दबत नाही, त्यामुळे बुशने खायचा धक्का सबफ्रेम (मागचे आर्म धरणारी चौकट) आणि बॉडी खाते. पॉलियुरेथेन नळीवर घासत फिरतं, त्याला ग्रीस लागतं आणि पावसाळ्यातल्या चिखलानंतर ते करकरायला लागतं. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) बुशला पॉली चालेल. पाच आर्मना आणि सबफ्रेमच्या माउंटिंगला मूळ रबरच.

रबर घेताना लेमफोर्डर किंवा थेट मर्सिडीजचं घ्या. पुढचा आर्म शक्यतो बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला अख्खा घ्या, जुन्या आर्ममधून बुश ठोकून काढण्यात जाणारा वेळ आणि वाकडा बसण्याचा धोका दोन्ही वाचतात. मूळ कंपनीच्या मालावर कधी कधी मर्सिडीजचा तारा (लोगो) घासून काढल्याची खूण दिसते. त्याला घाबरू नका, तो बहुतेकदा तोच माल असतो. घाबरायचं ते चकचकीत डब्याला आणि अर्ध्या किमतीला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले सुटे भाग मिळतात. तिथून लोखंडी वस्तू आणा, रबर मुळीच आणू नका.

आता जी गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो ती नीट वाचा, कारण नवे महागडे बुश वर्षभरात फाटण्याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की बुश फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आर्म पार खाली. फिटर बोल्ट पूर्ण आवळतो आणि गाडी खाली सोडतो. आर्म वर येतो, पण बुशची सरळ स्थिती तर लटकलेल्या जागी आवळली गेली आहे. म्हणजे गाडी नुसती उभी असताना रबर कायम पिळलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळ बसतो. बरोबर पद्धत अशी: सगळे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दोनचार वेळा दाबून सोडायची म्हणजे ती आपल्या उंचीला बसते, आणि मग गॅरेजच्या खड्ड्यात उतरून किंवा रॅम्पवर टॉर्क रेंचने आवळायचे. रॅम्प नसेल तर प्रत्येक आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं. यात अर्धा दिवस जास्त जातो. मजुरी जास्त द्या, पण हे तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.

मागून बसल्याबद्दल. आधी मागच्या शॉकअपला हायड्रॉलिक पाइप आहे का ते वाकून बघा. काही गाड्यांत मागची उंची आपोआप राखणारी यंत्रणा असते आणि त्यांच्या स्प्रिंग मुद्दाम मऊ असतात. तिथे नुसते साधे शॉकअप टाकले तर गाडी आणखी बसेल, स्प्रिंगही बदलाव्या लागतील. पाइप नसेल तर स्प्रिंगच्या डोक्यावरचं रबराचं पॅड काढून बघा. त्याच्या कडेला छोटे उंचवटे असतात, एकापासून चारपर्यंत. जितके उंचवटे तितकं पॅड जाड. कारखान्यात गाडीची उंची याच पॅडने जुळवायचे, आणि आपणही तीच पद्धत वापरायची. एका बाजूने गाडी कललेली असेल तर तेवढ्याच बाजूला एक उंचवटा जास्त असलेलं, जाड पॅड. बाजारात स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबराचे बफर मिळतात, ते लावू नका. त्यांनी मधली वेटोळी बांधली जातात आणि सगळा ताण बाकीच्यांवर जातो.

वेटोळं कापून गाडी खाली घेण्याचा तर विचारही नको. कापलेलं टोक पॅडच्या खोबणीत बसत नाही आणि कापताना तापलेल्या स्प्रिंगचं पाणी (ताठपणा) उतरतं.

आता तुमच्या हौसेचं बोलतो, कारण ती मला पूर्ण कळते. रबर नवं झाल्यावर गाडी आणखी नेटकी हवी असेल तर पैसे शॉकअपमध्ये घाला. बिल्स्टाइनचे बी ४ म्हणजे मूळच्या धाटणीचे. बी ६ मोनोट्यूब (एकाच नळीचे), मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी ८ आखूड, फक्त खाली घेतलेल्या गाडीसाठी. उच्च दाबाचा गॅस भरलेला मोनोट्यूब शॉकअप बिल्स्टाइनने १९५७ पासून मर्सिडीजसाठीच बनवायला घेतला, तेव्हा ही काही परकी जोड नाही. माझी निवड मूळ स्प्रिंग आणि बी ६. कमी वेगात गाडी किंचित टणक वाटते, पण कसारा घाट उतरताना किंवा सिन्नरकडे मोहदरीच्या वळणांवर ती डोलत नाही, आणि लागोपाठच्या खड्ड्यांनंतर शॉकअप सैल पडत नाही. मागे आईवडील बसणार असतील तर मात्र बी ४ घ्या.

दुसऱ्या मॉडेलचे भाग घालायचेच असतील तर याच गाडीच्या स्पोर्टलाइन आवृत्तीचे शोधा. तिच्या स्प्रिंग आखूड आणि कडक, स्टॅबिलायझर बार जाड आणि शॉकअप त्यांना जुळणारे असतात. घ्यायचं तर संच घ्या, एकटी स्प्रिंग नको. नंतर आलेल्या डब्ल्यू २१० चा पुढचा भाग ‘मर्सिडीजचाच आहे, बसेल’ म्हणून कोणी दाखवला तर सोडून द्या, तिथे दोन विशबोनची वेगळीच रचना आहे. आणि दोन इंच खाली घ्या म्हणणाऱ्या मित्रांना एवढं सांगा की पोर्शच्या झुफेनहाउझन कारखान्याच्या हातून गेलेली याच गाडीची ताकदवान आवृत्ती ५०० ई हीसुद्धा साध्या गाडीपेक्षा फक्त २३ मिमी खाली होती. तिच्या मागे दोन कंपन्यांचे इंजिनिअर होते. ५० मिमी खाली घेतली की मागची चाकं आत कलतात, मूळ आर्मवर टो (चाकांची पुढून आत-बाहेर वळण) जुळवता येतो पण कॅम्बर (चाकाचा उभा कल) नाही, आणि टायर आतल्या कडेने घासून जातात. बाहेरून टायर नवा दिसतो, आतून तार निघालेली असते.

शिवाय आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे ते १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, लांबट उताराचे हवेत. गंगापूर रोडच्या गल्ल्यांत किंवा पाथर्डी फाट्याकडे कॉलन्यांनी स्वतः घातलेले किती त्या मापात आहेत ते तुम्ही रोज बघताच. त्यात कुंभमेळ्यासाठी शहरात जागोजागी खोदकाम.

चाकांचं गणित सोपं आहे. मूळ टायर १९५/६५ आर १५, त्याची भिंत सुमारे १२७ मिमी. २२५/४५ आर १७ टाकला तर बाहेरचा व्यास तोच, ६३४ मिमी, पण भिंत १०१ मिमी. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली एक इंच हवा गेली. मूळ मापाचे टायर इथे कुठल्याही दुकानात मिळतात, तेच चांगल्या प्रतीचे घ्या. तरी अलॉय बदललेच तर मधलं भोक ६६.६ मिमीचंच हवं, नाहीतर चाक बोल्टवर लटकतं आणि थरथर परत सुरू होते.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि ती नुसत्या टोची नव्हे. पुढच्या आर्मच्या आतल्या टोकाला असलेल्या एक्सेंट्रिक (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या) बोल्टने कॅम्बर आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दोन्ही जुळवता येतात. या गाडीचा कॅस्टर सुमारे १० अंश, म्हणजे आपल्या नेहमीच्या गाड्यांपेक्षा बराच जास्त असतो, आणि हायवेवर हात सोडला तरी ती सरळ जाते ते त्यामुळे. मशीनमध्ये गाडीचं नेमकं मॉडेल निवडायला लावा. ‘जवळचं’ मॉडेल निवडून दिलेला हिरवा कागद कामाचा नाही. बोल्ट आवळून, गाडी काही दिवस विल्होळी-इगतपुरी पट्ट्यावर चालवून, बुश बसल्यावर पुन्हा एकदा तपासा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा पेठ रोडला आरटीओत गाडी समोर उभी करायची असते. मूळ धाटणीची, नीट उभी राहिलेली गाडी तिथे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा लावा: आधी पुढचे आर्म आणि स्टिअरिंगचे सांधे, मग मागचे आर्म आणि सबफ्रेमचे माउंटिंग, शेवटी शॉकअप. आणि स्प्रिंग बदलायची वेळ आलीच तर जुन्या भंगारात देऊ नका. त्यांच्यावरच्या रंगाच्या खुणा आणि पॅडचे उंचवटे आधी फोटोत घ्या. एसी, सनरूफ अशा सामानाच्या वजनाप्रमाणे या गाडीला वेगवेगळ्या स्प्रिंग लागतात, आणि तुमच्या गाडीला नेमकी कोणती होती हे त्या खुणांवरूनच दुकानदाराला सांगता येईल.