तुमचं पिस्तूल, माझं अपील

इचलकरंजीत परवान्याचं पिस्तूल आहे, आता एच-वन-बीवर न्यूयॉर्कला येतोय, तिथे परवाना मिळेल का आणि नाकारला तर अपील चालतं का, असं विचारलंत. पहिल्याचं उत्तर सोपं. त्या व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगणंच केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत विसरा. दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली.

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये माझं किराणा दुकान होतं. रात्री गल्ला बँकेत न्यायचो, म्हणून २०१८ मध्ये पिस्तूल सोबत बाळगायचा परवाना मागितला. फी ३४० डॉलर, परत न मिळणारी. बोटांचे ठसे, बँकेच्या स्लिपा, दुकानाचे हिशेब, सगळं दिलं. उत्तर आलं, ‘सबळ कारण’ नाही. म्हणजे आधी लुटले जा, मग या! पोलीस खात्याकडे केलेलं अपीलही फेटाळलं. मग आर्टिकल ७८ खाली, म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान द्यायच्या न्यूयॉर्कच्या तरतुदीखाली, कोर्ट. तिथे चार महिन्यांत गेलं नाही तर दार बंद.

त्यात मुलाची शाळा. भाषेच्या चाचणीत पोरगा लाजून गप्प बसला, तर त्याला इंग्रजी न येणाऱ्यांत बसवलं. घरात आमच्याशी इंग्रजीत भांडणारा पोरगा! तो राग अजून गेलेला नाही. दुकान विकलं, न्यू जर्सीला आलो. लगेच शहराचा वकील कोर्टात म्हणाला, अर्जदाराचं इथे ना घर, ना धंदा, आता वाद कसला? प्रकरण ‘मूट’. म्हणजे निकाल देण्यासारखं काही उरलंच नाही. आपल्याकडे वकील इन्फ्रक्चुअस म्हणतात, तेच.

२७ एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातही असंच झालं. घरापुरत्या परवान्याचं पिस्तूल शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर न्यायला न्यूयॉर्कची बंदी होती. खाली दोन्ही कोर्टांत शहर जिंकलेलं. वर प्रकरण दाखल करून घेतल्यावर शहराने नियम बदलला, राज्याने कायदा बदलला, आणि जुन्या नियमावरचा वाद मूट ठरला. तीन न्यायाधीशांना ते पटलं नाही. मलाही नाही. मग २०२२ मध्ये त्याच कोर्टात ‘सबळ कारणा’ची अटच ६ विरुद्ध ३ ने रद्द झाली. मी बरोबर होतो, पण माझ्या कागदावर तसं कुणी लिहिलं नाही.

म्हणून अपील चालू असताना पत्ता बदलायचा असेल, तर आधी वकिलाला विचारा. मी विचारलं नव्हतं. बायकोला हत्यार घरात नकोच होतं. केस गेली तेव्हा मलाही थोडं सुटल्यासारखं वाटलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. न्यू जर्सीत अर्जही केलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. जाणवतो, मग सवय होते. पिस्तूल तिकडेच रीतसर जमा करा आणि पावती सोबत आणा.