वाचकांचे प्रश्न : अवयवदान, त्वचादान आणि सहा तासांची मुदत

मागील अंकात एका वाचकाला अवयवदानाविषयी दोन ओळींचे उत्तर दिले होते. ते अपुरे वाटल्याचे कळवणारी पत्रे नाशिक शहराच्या निरनिराळ्या भागांतून आली. त्यांतली पाच येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

आईने ७४व्या वर्षी अवयवदानाचा अर्ज भरून त्याचे कार्ड देवघरातल्या पोथीत जपून ठेवले होते. गेल्या चैत्रात, ८१व्या वर्षी, ती घरीच झोपेत गेली. सकाळी आम्ही एका रुग्णालयाला फोन केला, तर ‘आता अवयव घेता येणार नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. आमचे काही चुकले का? (पंचवटी)

आपले काहीही चुकलेले नाही. चुकले असेल तर ते अर्ज भरून घेणाऱ्यांचे, कारण अवयवदान आणि ऊतिदान (डोळ्याचा पारदर्शक पडदा, त्वचा यांसारख्या ऊतींचे दान) यांतला फरक त्यांनी आईंना त्याच वेळी समजावून सांगायला हवा होता. हृदय बंद पडले की रक्तपुरवठा थांबतो आणि मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुसे यांच्या पेशी प्राणवायूवाचून थोड्याच वेळात निकामी होऊ लागतात. म्हणून आपल्याकडे मरणोत्तर अवयवदान बहुतेक वेळा एकाच परिस्थितीत होते : अपघातात डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचे आणि मेंदूस्कंधाचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या भागाचे) काम कायमचे थांबलेले असते, पण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर आणि औषधांच्या आधाराने हृदय मात्र काही काळ चालू असते. यालाच मेंदूमृत्यू म्हणतात. अशा एका दात्याकडून दोन मूत्रपिंडे, दोन फुफ्फुसे, हृदय, यकृत, स्वादुपिंड आणि लहान आतडे असे आठ अवयव मिळू शकतात. परंतु एकूण मृत्यूंमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण फार थोडे असते. आपल्यापैकी बहुतेकांना मृत्यू येईल तो आपल्या आईंसारखाच, हृदय थांबून.

अशा मृत्यूनंतरही ऊती देता येतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात आणि तो आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेतो, म्हणून मृत्यूनंतर साधारण सहा तासांपर्यंत तो काढून घेता येतो. त्वचेची मुदतही सर्वसाधारणपणे तेवढीच मानतात. आईंचे निधन रात्री नेमके कोणत्या वेळी झाले हे माहीत नसल्याने ती मुदत त्या सकाळी उरली होती की नाही, हे आता ठरवता येणार नाही. पण फोन उचलणाऱ्या व्यक्तीने नेत्रपेढीला कळवण्याची आठवण करून द्यायला हवी होती, असे मला वाटते. नाशिकहून सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याकडे वाहतूक थांबवून अवयव नेले, की त्याची बातमी होते. ती व्हायलाच हवी. पण नेत्रपेढीचा माणूस रात्री दोन वाजता बर्फाचा डबा घेऊन स्कूटरवरून कोणाच्या घरी जातो त्याची बातमी होत नाही, आणि त्यामुळे लोकांच्या मनात ‘दान’ म्हटले की फक्त हृदय आणि मूत्रपिंड एवढेच राहते.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात वाफेने भाजलेल्या सहकाऱ्याला डॉक्टरांनी त्वचापेढीतली त्वचा लावली आणि ‘ही काही आठवड्यांनी निघून जाईल’ असेही सांगितले. टिकणारच नसेल, तर लावायची कशाला? (सातपूर)

ती टिकावी अशी डॉक्टरांची अपेक्षाच नसते. कातडी हे शरीराचे कुंपण आहे. ते मोठ्या भागावरून नाहीसे झाले की शरीरातले पाणी, क्षार आणि प्रथिने उघड्या जखमेतून पाझरत राहतात, उष्णता निघून जाते आणि जंतूंना आत शिरायला वाट मोकळी होते. मोठ्या प्रमाणात भाजलेले अनेक रुग्ण पहिल्या दिवसाच्या धक्क्यातून वाचतात, पण पुढच्या आठवड्यांत जंतुसंसर्गाने दगावतात. कायमचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच मांडीवरची किंवा पाठीवरची त्वचा काढून जखमेवर लावणे. मात्र निम्मे अंग भाजले असेल, तर उरलेल्या निम्म्यातून एकाच वेळी एवढी त्वचा आणायची कोठून? शिवाय त्वचा काढलेली जागा ही स्वतःच एक नवी जखम असते. ती भरायला साधारण दोन आठवडे लागतात आणि मगच तेथून पुन्हा त्वचा घेता येते.

मधल्या काळात दात्याची त्वचा उपयोगी पडते. ती जखमेवर दोन-तीन आठवडे पट्टीसारखी राहते, पाझर कमी करते, जंतूंना अडवते आणि रोजच्या ड्रेसिंगच्या यातना बऱ्याच कमी करते. जळीत कक्षात काम केलेली कोणतीही परिचारिका या शेवटच्या गोष्टीचे मोल आपल्याला सांगेल. कधी कधी रुग्णाची थोडीशी त्वचा यंत्रातून काढून जाळीसारखी ताणतात, म्हणजे ती मोठ्या जागेला पुरते, आणि जाळीतल्या उघड्या फटी झाकण्यासाठी वरून दात्याच्या त्वचेचे पांघरूण घालतात. खाली रुग्णाची त्वचा वाढत जाते, तसे ते पांघरूण सुटत जाते. म्हणजे त्वचा निघून गेली याचा अर्थ उपचार फसला, असे समजू नये.

पेढीतली त्वचा बहुधा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात आणि ती पाच वर्षांपर्यंत वापरता येते. दात्याचा आणि रुग्णाचा रक्तगट जुळण्याची गरज नसते. मांड्या, पाय आणि पाठ येथून वरचा अतिशय पातळ थर तेवढा काढतात, रक्तस्राव होत नाही, पट्ट्या बांधून देह घरच्यांच्या स्वाधीन करतात आणि कपडे घातल्यावर काही दिसतही नाही. दाता १८ वर्षांवरील असावा, तसेच त्याला एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग अथवा त्वचेचा संसर्ग नसावा.

धाकटा भाऊ तीन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर आहे. मूत्रपिंड बदलले की तो पूर्ण बरा होईल का? आणि ते आम्ही द्यावे की यादीत नाव घालून थांबावे? (नाशिकरोड)

आठवड्यात १६८ तास असतात आणि निरोगी मूत्रपिंडे ते सगळे तास काम करतात. डायलिसिसचे यंत्र त्यातले जेमतेम बारा तास ते काम करते. तेही रक्त गाळण्यापुरते. रक्तपेशी तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक यंत्र बनवत नाही, आणि म्हणून भावाला ती इंजेक्शने घ्यावी लागत असतील. प्रत्यारोपणानंतर पाणी मोजून पिणे आणि आठवड्यातले तीन दिवस यंत्राला बांधलेले असणे बहुतेकांचे सुटते, खाण्यावरची अनेक बंधने सैल होतात आणि पुष्कळ जण कामावर परत जातात. ‘पूर्ण बरा’ हे शब्द मात्र मी वापरणार नाही. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात (जुनी सहसा आहेत तेथेच ठेवतात) आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ते चालते आहे तोवर, वेळ न चुकवता, घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवाव्यात. आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हे कायद्याने ‘जवळचे नातेवाईक’ आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे मूत्रपिंड जुळत असेल, तर शस्त्रक्रिया आधीच ठरवून करता येते. त्याचबरोबर मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो. कोणी पैसे घेऊन मूत्रपिंड मिळवून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अवयवांची खरेदी-विक्री १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे आणि २०११च्या दुरुस्तीने तिची शिक्षा आणखी कडक झाली आहे.

मेंदूमृत ठरवणारे डॉक्टरच अवयव काढून नेतात, त्यामुळे घाई केली जाते, असे ऐकतो. हे खरे आहे का? (इंदिरानगर)

कायदा तसे करू देत नाही. मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र चार डॉक्टर मिळून देतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्यांत नसतो. तपासण्या दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने, करतात. त्यांतली एक तपासणी नातेवाइकांनी समजून घ्यावी अशी आहे : रुग्णाला प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूस्कंध थोडा जरी काम करत असेल, तर शरीर श्वास घेण्याचा प्रयत्न करतेच. छाती हललीच नाही, तर तो कोमा नव्हे, मृत्यू आहे. कोमातला रुग्ण जिवंत असतो आणि त्याच्याकडून असे दान घेतलेच जात नाही.

दात्याने कार्ड भरलेले असले तरी प्रत्यक्षात कुटुंबाची संमती घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाहीत, आणि संमतीनंतर अवयव सांभाळण्याचा खर्च कुटुंबाकडून घेत नाहीत. अपघाती मृत्यूत पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन यांचे सोपस्कार असतात, त्यामुळे देह हाती येण्यास वेळ लागतो. याची कल्पना रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाने आधीच द्यावी. एक मात्र मान्य करतो. अंगाला हात लावला तर ते गरम लागते, मॉनिटरवर ठोके दिसतात, आणि समोरचा माणूस म्हणतो की हे गेले आहेत. त्या खोलीत ‘नको’ म्हणणाऱ्या घराला मी कधी दोष दिलेला नाही.

माझे वय ७२ आहे, मधुमेह आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. नेत्रदान चालेल का? सासूबाई म्हणतात की डोळे काढलेल्या माणसाचे विधी रामकुंडावर होत नाहीत. (गंगापूर रोड)

वय, मधुमेह, चष्मा, मोतीबिंदू यांपैकी काहीही आड येत नाही. विधींबद्दल सासूबाईंना सांगावे की या कामाला अर्धा तासही पुरतो, चेहरा विद्रूप होत नाही, आणि दशक्रियेपासून अस्थिविसर्जनापर्यंत सगळे नेहमीसारखेच होते. शास्त्रार्थ मी करणार नाही, पण देवांसाठी आपली हाडे देणाऱ्या दधीचीची गोष्ट त्यांना माझ्याहून चांगली येत असेल.

घरच्यांना मात्र पुढील गोष्टी आजच सांगून ठेवाव्यात. पापण्या मिटाव्यात आणि त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच करावे, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा. संकल्पपत्र भरलेले नसले तरी चालते, नातेवाइकांची संमती पुरते. घरी झालेल्या मृत्यूत सर्वाधिक वेळ जातो तो मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर शोधण्यात, विशेषतः रात्री आणि रविवारी. म्हणून नेत्रपेढीच्या क्रमांकाखाली आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहून तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा, पोथीत ठेवू नये.