फिल्टर हाताचे ऐकतो

वाचकांचे प्रश्न : वाद्य आणि ध्वनी

प्रश्न : मी लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नसराईच्या दोन हंगामांतल्या मानधनातून मी कॉम्प्रेसर, एन्व्हलप फिल्टर आणि ऑक्टेव्हर अशी तीन पेडल्स, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने चालू-बंद करायची यंत्रे, घेतली. फंक या अमेरिकी नृत्यसंगीतातला तो ‘वाव’ असा बोलणारा बेस मला हवा आहे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे गिटारनंतर लगेच कॉम्प्रेसर, मग फिल्टर आणि शेवटी ऑक्टेव्हर असे जोडले. पण फिल्टर एक तर कायम उघडा राहतो, नाही तर उघडतच नाही, आणि ऑक्टेव्हर नुसता गुरगुरतो. पेडल्स सदोष असतील का? – एक वाचक, लातूर

उत्तर : आपली पेडल्स बहुधा ठणठणीत आहेत, त्यांचा क्रम तेवढा उलटा लागला आहे. वाव-पेडलमध्ये फिल्टर पायाने उघडला-मिटला जातो, तर एन्व्हलप फिल्टरमध्ये तेच काम आपला उजवा हात करतो. तार जितक्या जोराने छेडावी तितका तो फिल्टर उघडतो, स्वर विरत जाईल तसा मिटत जातो, आणि या उघडझापीतूनच तो बोलका उच्चार तयार होतो. डग्ग्यावर थाप देऊन मनगटाचा दाब सरकवला की जो ‘घुं’ निघतो, त्याच जातीची ही करामत आहे. तिच्यात यंत्राचा वाटा थोडा आणि हाताच्या वजनाचा मोठा. कॉम्प्रेसर मात्र जोराचा स्वर दाबतो आणि हलक्या स्वराला वर उचलून दोघांना एका पातळीवर आणतो. ज्या चढउतारावर फिल्टर जगतो, तोच आपण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी पुसून टाकत आहात. सगळेच स्वर एका उंचीचे आले, तर फिल्टरने कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी मिटायचे?

ऑक्टेव्हरची तक्रार वेगळी आहे. आपण वाजवलेला स्वर ओळखून त्याच्या खालच्या सप्तकातला स्वर तो तयार करतो, आणि ही ओळख पटण्यासाठी त्याला एका वेळी एकच, स्वच्छ स्वर लागतो. फिल्टरमधून गेलेला स्वर क्षणाक्षणाला रंग बदलत असतो, त्यामुळे त्याच्या पाठीमागे उभा असलेला ऑक्टेव्हर गोंधळतो. म्हणून गिटारमधून आधी ट्यूनर असल्यास ट्यूनर, त्यानंतर ऑक्टेव्हर, मग एन्व्हलप फिल्टर आणि त्यानंतर कॉम्प्रेसर असे जोडून पाहावे. शेवटी गेलेल्या कॉम्प्रेसरचा आणखी एक लाभ असा की फिल्टर पूर्ण उघडताना जो टोकदार ठोका बाहेर उसळतो तो आटोक्यात राहतो, आणि साउंडवाल्याला दर गाण्यात आपला फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढावा लागत नाही. ‘कॉम्प्रेसर आधी’ हा दुकानदाराचा सल्ला सरसकट चुकीचा नाही. ज्यांच्या साखळीत एन्व्हलप फिल्टर नाही, त्यांच्यासाठी तो योग्यच आहे.

ऑक्टेव्हरच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. बेसची सर्वांत जाड, उघडी ई तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. तिचे खालचे सप्तक 20 हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे माणसाच्या कानाच्या वेशीवरच, आणि ऑर्केस्ट्राच्या स्पीकरमधून तिथे स्वर निघत नाही, केवळ कोन थरथरतो. त्याउलट डी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या आडव्या पट्टीवरचा) ए स्वर 110 हर्ट्झचा असतो आणि त्याचे खालचे सप्तक 55 हर्ट्झ, म्हणजे आपल्या उघड्या ए तारेचाच स्वर. तो भरीव आणि ठाम येतो. तेव्हा ऑक्टेव्हर चालू असताना हात सातव्या फ्रेटच्या आसपास किंवा त्याच्या पुढे ठेवावा आणि जाड तारेकडे जाऊ नये. बॉस कंपनीच्या 1982 मधल्या ओसी-2 या जुन्या पेडललाही हेच पथ्य पाळावे लागे, आणि तरीही बेसवादक ते आजतागायत शोधत फिरतात.

क्रम बदलल्यावर, फिल्टर किती जोरावर उघडेल हे ठरवणाऱ्या सेन्सिटिव्हिटीच्या बटणापाशी अर्धा तास द्यावा. ऑक्टेव्हर आणि कॉम्प्रेसर बंद ठेवून प्रथम तारेवर डावा हात अलगद टेकवून मुका ठोका द्यावा. त्या वेळी फिल्टर जेमतेम हलला पाहिजे. मग बोटाने नेहमीच्या जोराने स्वर छेडावा. फिल्टर निम्मा उघडला पाहिजे. शेवटी अंगठ्याने तारेवर सणसणीत प्रहार करावा, आणि तेव्हाच तो पूर्ण उघडावा. हे तिन्ही टप्पे कानाला वेगवेगळे जाणवत नाहीत तोवर बाकीच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. आपली गिटार बॅटरीवर चालणारी, म्हणजे अॅक्टिव्ह असेल, तर तिचा सिग्नल मुळातच जोरकस असतो आणि सेन्सिटिव्हिटी पुष्कळच खाली आणावी लागते. फिल्टरवर लो-पास (खालचे स्वर जाऊ देणारा) आणि बँड-पास (फक्त मधला पट्टा जाऊ देणारा) असा पर्याय असल्यास बेससाठी लो-पास घ्यावा. बँड-पासमध्ये आवाज सुरेख बोलतो, पण तळ निघून जातो आणि ढोलकीच्या शेजारी बेस पोरका वाटतो.

या आवाजाचे मूळ म्यू-ट्रॉन थ्री या पेडलमध्ये आहे. माइक बीगल यांनी ते 1972 च्या सुमारास घडवले आणि बेसवादक बूट्सी कॉलिन्स यांनी पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडमध्ये ते बेसवर असे काही वाजवले की लोक पेडललाच फंक समजू लागले. बूट्सी त्याआधी फंक गायक जेम्स ब्राउन यांच्याकडे वाजवत होते, आणि तिथे त्यांना मिळालेली शिकवण पेडलची नव्हती, ‘वन’ची होती : प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठामपणे उतरायचे, मधल्या जागेत हवे ते करायचे. आपल्याकडे याला सम म्हणतात. तुळजापूरच्या गोंधळात संबळ कितीही भरधाव गेला तरी समेवर कसा येऊन आदळतो, हे आपण लातूरकर असल्यामुळे मी वेगळे सांगायला नको. समेवरचा स्वर सर्वांत जोराचा ठेवला, की फिल्टर तिथेच सर्वाधिक उघडतो आणि गाण्याला आपोआप झोका मिळतो.

फझ किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारी पेडल्स) इतक्यात घेऊ नये, असे माझे मत आहे. फझ फिल्टरच्या आधी ठेवल्यास फिल्टरला कोरायला भरपूर हार्मोनिक्स (मूळ स्वरावरचे उपस्वर) मिळतात, पण फझही कॉम्प्रेसरसारखाच चढउतार सपाट करतो आणि आपण पुन्हा मूळ अडचणीत येतो. पुढे हौस वाढली, तर बीगल यांनीच इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीसाठी रचलेल्या क्यू-ट्रॉनच्या प्लस आवृत्तीसारखे, फझसाठी स्वतंत्र लूप असलेले पेडल पाहावे. अशा पेडलमध्ये उघडझाप स्वच्छ सिग्नलवरून ठरते आणि फझ आत वेगळा बसतो.

प्रश्न : घरी सराव करताना पेडल्स शांत असतात, पण गणेशोत्सवातल्या आणि 14 एप्रिलच्या कार्यक्रमांत मंचावर जोडली की मोठी घुरघुर येते. साउंडवाले खालची फ्रिक्वेन्सी कापतात, तेव्हा घुरघुर जाते पण बेसही जातो. – एक वाचक, परभणी

उत्तर : साउंडवाल्यांचा इलाज रोगाबरोबर रोग्यालाही नेतो, याचे कारण सोपे आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर 49 हर्ट्झचा. घुरघुर आणि बेस एकाच घरात राहतात. त्यामुळे घुरघुर कापायची नसते, ती येते तिथेच थांबवायची असते.

पहिला संशयित म्हणजे एकाच अॅडॅप्टरमधून सर्व पेडल्सना वीज देणारी माळ. अॅनालॉग पेडलला बहुधा दहा-वीस मिलीअँपिअर पुरतात, पण डिजिटल पेडल शंभर ते तीनशेपर्यंत ओढते आणि आपला खरखराट माळेतल्या शेजाऱ्यांना वाटते. प्रत्येक पेडलला अलग आउटपुट देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यावा. नवीन पेडलच्या आधी हा खर्च करावा. व्होल्टेज पेडलवर लिहिले असेल तेवढेच हवे, मिलीअँपिअर मात्र जास्त असलेले चालतात. बहुतेक पेडल्सना 9 व्होल्टचा, मधला टोक ऋण असलेला प्लग लागतो. माझे एक चांगले कोरस पेडल अंबाजोगाईच्या एका कार्यक्रमात सेट-टॉप बॉक्सचा 12 व्होल्टचा अॅडॅप्टर घाईने खुपसल्यामुळे गेले. प्लग अगदी बरोबर बसला होता, हेच त्यातले दुर्दैव.

दुसरा संशयित अर्थिंग. मंडपात जनरेटरवरून ओढलेल्या बोर्डाला तिसरी तार असतेच असे नाही, आणि आपला अॅम्प एका बोर्डावर व मिक्सर दुसऱ्यावर असला की दोघांच्या अर्थमधल्या फरकातून घुरघुर जन्मते. शक्यतो दोन्ही एकाच बोर्डावरून घ्यावेत आणि मिक्सरकडे जाताना डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारी डबी) वापरून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधला अर्थचा दुवा तोडणारे बटण) दाबून पाहावा. प्लगची अर्थची पिन मोडून घुरघुर घालवणारे महाभाग मी पाहिले आहेत; हे कधीही करू नये, कारण पावसाळी मंडपात ओल्या चटईवर उभे राहून धातूच्या तारांना हात लावणारे आपणच असतो.

प्रश्न : सुरुवात करताना सुटी पेडल्स घ्यावीत की मल्टी-इफेक्ट, म्हणजे अनेक पेडल्सचे काम करणारे एकच यंत्र? – एक वाचक, सेलू

उत्तर : अजून कोणता आवाज आपला हे ठरले नसेल, तर बेससाठीचा लहान मल्टी-इफेक्ट घ्यावा. क्रम बदलण्याचे वर दिलेले सर्व प्रयोग त्यात केबल न काढता करता येतात. मात्र बऱ्याच स्वस्त यंत्रांतला एन्व्हलप फिल्टर हाताला उशिरा प्रतिसाद देतो. वर्षभरानंतर तेवढे एकच पेडल सुटे घेऊन मल्टी-इफेक्टच्या आधी लावले, तरी मोठा फरक पडतो. पेडल्सची फळी सुताराकडून साध्या प्लायवूडची करून घेतली तरी चालते, पण वेल्क्रोच्या चिकटपट्टीवर भिस्त ठेवून ती मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो आणि पेडल्स फळीवरून घसरतात. पट्टीच्या चारही कोपऱ्यांना टाचणी-पिना ठोकून घ्याव्यात.