पहिली टाकी? मासे महिन्याने आण

अरे, टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नकोस. मी आणले होते. चौथ्या दिवशी सकाळी सहापैकी चार गप्पी पालथे तरंगत होते, पाणी मात्र आरशासारखं नितळ. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो; तो दिसत नाही, पण माशांना विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकी बिनमाशांची चालव, रोज चिमूटभर खाद्य टाक, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. तो स्पंज नळाखाली कधीच धुवू नकोस, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ.

२ फुटी टाकीत साधारण ५० लिटर पाणी. त्यात ८ निऑन टेट्रा, तळाला ६ कोरीडोरास, बस्स. तेही पंधरा दिवसांच्या अंतराने. एंजल देखणा खरा, पण मोठा झाला की निऑन गिळतो. ‘काच साफ करतो’ म्हणत दुकानदार सकरफिश गळ्यात मारेल; तो फूटभर वाढतो!

पुण्यात डिसेंबरच्या रात्री हीटर लागतोच, २५ अंशांवर ठेव. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी जडपणा तपास. जड निघालं तर निऑनचा नाद सोड, गप्पी-मोली घे.